ग्राफीनचा गेट प्रयोग: नागपुरातल्या लॅबमधल्या सहा महिन्यांच्या नोंदी

एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलमध्ये ग्राफीनचा (कार्बनच्या एका अणूएवढ्या जाडीच्या थराचा) एक तरी प्रयोग असावा, म्हणून आमच्या कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये हा खटाटोप केला. क्लीनरूम (धूळमुक्त खोली) नाही, लिथोग्राफी (चिपवर बारीक जोड उमटवायचं तंत्र) नाही, सोर्समीटर (व्होल्टेज देऊन करंटही मोजणारं यंत्र) नाही. दोन विद्यार्थी, लॅबचे काका आणि मी. दुसऱ्या कुठल्या कॉलेजात कुणी हे करायला घेतलं तर आमचे वाया गेलेले दिवस त्यांचे वाया जाऊ नयेत, यासाठी या नोंदी.

८ जानेवारी

काय मोजायचं ते ठरलं. ग्राफीनच्या पट्टीचा रेझिस्टन्स, आणि खालच्या सिलिकॉनला गेट व्होल्टेज दिलं की तो कसा बदलतो ते. सिलिकॉन आणि ग्राफीनच्या मध्ये ३०० नॅनोमीटर ऑक्साइडचा विद्युतरोधक थर, म्हणजे एक कपॅसिटर झाला. हिशोब केला तर गेटच्या प्रत्येक व्होल्टमागे ग्राफीनच्या एका चौरस सेंटिमीटरमध्ये सुमारे ७२०० कोटी कॅरिअर (करंट वाहून नेणारे चार्ज) वाढतात किंवा घटतात. तेवढ्याच जागेत कार्बनचे अणू ३८ कोटी कोटी. म्हणजे व्होल्टमागे ५३ हजार अणूंत एक कॅरिअर. एवढ्याशा फरकानं रेझिस्टन्स कितीतरी पटींनी बदलतो, हे मुलांनी स्वतः मोजावं एवढाच हेतू.

१९ जानेवारी ते १४ फेब्रुवारी

हा सगळा काळ चिकटपट्टीत गेला. २००४ मध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी ग्रॅफाइटचे थर चिकटपट्टीनं सोलून असाच गेटचा प्रयोग केला होता, २०१० चं नोबेल त्यांना या कामासाठी मिळालं. मुलांना तीच वाट धरायची होती, मीही हो म्हटलं.

पहिले चार दिवस पेन्सिलीच्या शिशावर गेले. त्यात चिकणमाती मिसळलेली असते, थर सुटत नाहीत, नुसती काळी भुकटी पडते. नंतर नैसर्गिक ग्रॅफाइटच्या पापड्या मिळवल्या, तेव्हा मेटलर्जिकल मायक्रोस्कोपखाली फिकट जांभळट ठिपके दिसू लागले. तिसऱ्या आठवड्यात एक खरोखर एका थराचा वाटावा असा तुकडा सापडला. मुलगा धावत काकांना बोलवायला गेला.

पण तो तुकडा जेमतेम १२ मायक्रॉनचा. त्याला हातानं चार वायर कशा जोडणार? हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. लिथोग्राफी नसेल तर चिकटपट्टीचा रस्ता मायक्रोस्कोपमध्ये बघण्यापुरताच आहे. पावणेचार आठवडे गेले.

३ मार्च

सीव्हीडी (तापलेल्या धातूवर वायूतून थर वाढवायची पद्धत) ग्राफीनच्या तयार चिपा आल्या. तांब्याच्या पत्र्यावर वाढवलेला एक थर उचलून ऑक्साइडवर ठेवलेला, एक सेंटिमीटर बाय एक सेंटिमीटर. चार चिपांचा डबा, कुरिअर आणि कस्टम धरून २३,४०० रुपये. विभागाच्या वर्षाच्या कन्झ्युमेबल्सच्या बजेटमधला मोठा वाटा यात गेला. मागवताना दोन गोष्टी लिहून विचारा: ऑक्साइड किती जाडीचं आहे, आणि सिलिकॉन भरपूर डोप केलेलं (करंट वाहावा म्हणून दुसरे अणू मिसळलेलं) आहे का. सिलिकॉन साधं असेल तर ते गेट म्हणून नीट काम देत नाही.

७ मार्च, चिप १

चिप तांब्याच्या टेपवर सिल्व्हर पेंटनं चिकटवली, तोच गेटचा जोड. वर ग्राफीनच्या चार कोपऱ्यांना टूथपिकनं सिल्व्हर पेंटचे ठिपके. गेटला ५ व्होल्ट दिले तर २.८ मिलिअँपिअर वाहायला लागले. इथे नॅनोअँपिअर अपेक्षित होते.

भिंगातून बघितलं तेव्हा कळलं. खालचा पेंट ओला असताना चिप दाबली गेली, आणि तो कडेनं वर चढून थेट ग्राफीनला टेकला. मी ॲसिटोनच्या बोळ्यानं कड पुसायला गेले. पेंट विरघळून चांदी चिपभर पसरली. चिप १ संपली.

यातून पुढच्या प्रत्येक चिपसाठी जे ठरलं ते असं. आधी चारी कडांनी दीड मिलिमीटर ग्राफीन खरवडून काढायचं, मग मधली दोन मिलिमीटर रुंदीची पट्टी ठेवून बाकीचंही खरवडायचं. ग्राफीनचं क्षेत्र जितकं मोठं, तितकी ऑक्साइडमधल्या एखाद्या बारीक छिद्रावर ते येण्याची शक्यता जास्त. खरवडायला सुई नको, बांबूची टूथपिक तासून घ्या. ग्राफीन तिनं सहज निघतं आणि ऑक्साइडला धक्का लागत नाही. गेटच्या वायरमध्ये १ मेगाओहमचा रेझिस्टर कायमचा ठेवायचा, त्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजलं की लीकेज करंटही (ऑक्साइडमधून गळणारा) कळतो. हा रेझिस्टर बर्डीतल्या (नागपूरच्या सीताबर्डी बाजारातल्या) कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात रुपया-दोन रुपयांना मिळतो. तो सुरुवातीपासून नव्हता.

११ मार्च

३० व्होल्टचे दोन पॉवर सप्लाय सिरीजमध्ये जोडून ६० व्होल्ट करायचे होते. जोडले की एकाचा लाल दिवा लागायचा आणि व्होल्टेज शून्य. तीन दिवस वायरी बदलून बघितल्या. शेवटी काकांनी सप्लायची मागची बाजू फिरवून दाखवली. "मॅडम, या दोघांच्याही मायनसला अर्थची पट्टी ठोकून आहे. मग वरच्या मायनसमधून खालचा प्लसही अर्थला गेला ना, शॉर्टच होऊन राहिलं." वरच्या सप्लायची पट्टी काढली, दोन मिनिटांत ६० व्होल्ट आले.

१८ मार्च, चिप २

पहिली खरी रीडिंग. पट्टीतून १० मायक्रोअँपिअर सोडला. करंटचे जोड बाहेर, व्होल्टेजचे जोड आत, व्होल्टेजच्या दोन जोडांत ४ मिलिमीटर अंतर. दोनच वायरींनी मोजू नका. सिल्व्हर पेंट आणि ग्राफीन यांच्या सांध्याचाच रेझिस्टन्स आमच्याकडे सातशे ते नऊशे ओहम होता, आणि दर जोडाला वेगळा.

शून्य गेटला १.६ किलोओहम. गेट वाढवत नेलं तसा रेझिस्टन्स चढत गेला, ६० व्होल्टला ७.९ किलोओहम. पुस्तकातल्या आलेखात मध्यभागी शिखर आणि दोन्ही बाजूंना उतार असतो. आमच्याकडे नुसती चढण. शिखर ६० व्होल्टच्याही पलीकडे.

शिखर म्हणजे डिरॅक पॉइंट, जिथे होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, पॉझिटिव्ह चार्जसारख्या वागणाऱ्या) संपून इलेक्ट्रॉन सुरू होतात. निर्मळ ग्राफीनमध्ये ते शून्य व्होल्टला असायला हवं. ते उजवीकडे सरकलंय याचा अर्थ, गेट न लावताही पट्टीत भरपूर होल आधीच भरलेले आहेत. ते येतात थर उचलताना वापरलेल्या पॉलिमरच्या शिल्लक अंशातून, आणि हवेतल्या पाण्यातून व ऑक्सिजनमधून.

२४ मार्च

केमिस्ट्री विभागाचा व्हॅक्यूम ओव्हन उसना घेतला. १३० अंशांवर सहा तास, रोटरी पंप चालू ठेवून. बाहेर काढून लगेच मोजलं. शिखर ४१ व्होल्टला! पहिल्यांदा पूर्ण आलेख दिसला: चढण, शिखर, उतार. विद्यार्थिनीनं प्रत्येक बिंदू ग्राफपेपरवर हातानंच मांडला, संगणकावर नको म्हणाली. तिचं बरोबर होतं. दोन-दोन व्होल्टांनी ठिपका ठेवत जाताना वक्र जेव्हा वळतो, ते वळण हाताला कळतं.

२ एप्रिल

चिप २ गेली. सकाळी प्लास्टिकच्या डबीतून चिमट्यानं उचलली, जोडली, आणि गेटचा लीकेज एकदम ४० मायक्रोअँपिअर. काहीच बदललं नव्हतं, फक्त हवा कोरडी होती. नागपुरात एप्रिल लागला की दाराच्या कडीला हात लावला तरी झटका बसतो. तोच झटका माझ्या हातातून चिमट्यात, चिमट्यातून चिपमध्ये गेला आणि ऑक्साइड फुटलं. ओढणी नायलॉनची होती.

तेव्हापासून मनगटाला अर्थचा पट्टा (१२० रुपये), अँटिस्टॅटिक डबी, सुती कपडे. आणि वायरी जोडताना गेट व पट्टीची सगळी टोकं एकत्र शॉर्ट करून ठेवायची, सगळं जोडून झाल्यावरच सोडायची. पावसाळी गावात बसून लिहिलेल्या सूचनांमध्ये हा मुद्दा एका ओळीत असतो. विदर्भात तो पहिल्या पानावर हवा.

९ एप्रिल, चिप ३

खरवडणं, सहा जोड (दोन करंटचे, चार बाजूचे), भाजणं. शिखर ३६ व्होल्टला. शिखराची उंची १३.८ किलोओहम; व्होल्टेजच्या जोडांमधली पट्टी ४ मिलिमीटर लांब, २ रुंद, म्हणजे दोन चौकोन, दर चौकोनाला ६.९. मोबिलिटी (कॅरिअर किती सहज सरकतात त्याचं माप) साधारण १५०० चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद निघाली. फार चांगली नाही, पण प्रॅक्टिकलला भरपूर आहे.

मुलांनी विचारलं, शिखरावर कॅरिअर शून्य तर रेझिस्टन्स अनंत का नाही? कारण पट्टीभर एकच शून्य नसतं. ऑक्साइडमधल्या अडकलेल्या चार्जमुळे कुठे इलेक्ट्रॉनचं डबकं, कुठे होलचं डबकं, असं राहतं. सरासरी शून्य आली तरी डबक्यांतून करंट वाहतोच.

१७ एप्रिल

एक आठवडा चुकीचे आकडे लिहिले गेले. आम्ही नेहमी गेट खालून वर नेत होतो. आज मुलानं वेळ वाचवायला ६० वरून खाली आणलं, तर शिखर ९ व्होल्ट उजवीकडे. चिप तीच, तास तोच.

गेट बराच वेळ पॉझिटिव्ह राहिलं की काही इलेक्ट्रॉन ऑक्साइडच्या पृष्ठभागावर अडकतात, ते गेटच्या परिणामाचा काही भाग झाकून टाकतात, आणि शिखर उजवीकडे ढकललं जातं. उपाय पूर्ण नाही, शिस्त आहे. दर वेळी -२० पासून +६०, मग परत -२०. पायरी २ व्होल्टची, दर पायरीला १० सेकंद. दोन्ही शिखरं लिहायची. खाली मी जिथे एकच आकडा देते तो चढत्या फेरीचा.

६ मे

शिखराचे आकडे दिवसभर भटकताहेत. सकाळी साडेसातला ३५, दुपारी तीनला ४६, दुसऱ्या दिवशी दुपारी परत ४६. मला वाटलं जोड सैल झाले. सगळे जोड पुन्हा लावले, दोन दिवस गेले, काही फरक नाही.

मग विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, कूलर लावला का हे सरकून राहिलं. मी तीन दिवसांपासून वेळ लिहून राहिली." तिच्या वहीत समासात खरंच कूलरच्या वेळा होत्या.

आमच्या लॅबच्या खिडकीला मोठा कूलर आहे, वाळ्याच्या ताट्यांचा. मे महिन्यात तो नसेल तर लॅबमध्ये उभं राहता येत नाही. ४५० रुपयांचा हायग्रोमीटर आणून चिपशेजारी ठेवला:

सकाळी, कूलर बंद: ३१ अंश, आर्द्रता १६ टक्के, शिखर ३५ व्होल्ट.
दुपारी, कूलर दोन तास चालू: ३२ अंश, ५७ टक्के, शिखर ४६.
दुपारी, कूलर मुद्दाम बंद: ४१ अंश, ११ टक्के, शिखर ३४.

तिसऱ्या रीडिंगसाठी आम्ही चौघं दोन तास घाम पुसत बसलो, पण तिनंच निकाल लावला. तापमान दहा अंशांनी चढूनही शिखर हललं नाही. सरकवतंय ते पाणी. शून्य गेटचा रेझिस्टन्स बघा: कोरड्या हवेत ३.२ किलोओहम, कूलरच्या हवेत २.५. एखाद्यानं गेट न लावता नुसता रेझिस्टन्स मोजला असता तर "ग्राफीन दमट हवेत जास्त चांगलं वाहतं" असं लिहून मोकळा झाला असता. ग्राफीन तेच आहे. होल वाढले आहेत.

हा पदार्थ म्हणजे नुसता पृष्ठभाग. त्याला आत असं काही नाही, प्रत्येक अणू हवेला उघडा आहे. त्यामुळे हवेत काय आहे ते कॅरिअरच्या संख्येत लगेच उमटतं. २००७ मध्ये मँचेस्टरच्याच गटानं याच गुणावर वायूचा एकेक रेणू चिकटताना आणि सुटताना टिपला. आम्हाला तो गुण कूलरनं शिकवला, आणि मला अजूनही त्या वहीच्या समासाचं फार कौतुक वाटतं.

११ मे

लोणच्याची काचेची बरणी घेतली. झाकणाला भोकं पाडून सात तारा आत, एम-सीलनं बंद, तळाला निळी सिलिका जेल. चिप आत. कूलर दिवसभर चालू ठेवला. सकाळी ३५, दुपारी ३५, संध्याकाळी ३६. बरणी, एम-सील, जेल मिळून ३१० रुपये. सगळ्या प्रकल्पात सर्वांत उपयोगी पडलेला खर्च हाच.

२० मे

अमोनिया. फ्यूमहूडमध्ये, बरणीत लायकर अमोनियाचा (पाण्यातल्या तीव्र द्रावणाचा) एक थेंब टाकलेला कापूस. वीस मिनिटांत शून्य गेटचा रेझिस्टन्स ३.२ वरून १० किलोओहमवर गेला. मुलगा हळहळला, चिप खराब झाली म्हणाला. मी म्हटलं, पूर्ण फेरी घे.

फेरी घेतली. शिखर ८ व्होल्टला, उंची जवळपास तेवढीच, दोन्ही उतार तसेच. वक्र आख्खा उचलून डावीकडे ठेवल्यासारखा. अमोनियानं इलेक्ट्रॉन दिले, त्यांनी होल भरून काढले, म्हणून शून्य गेटला वाहक कमी पडले आणि रेझिस्टन्स चढला. पट्टी शाबूत होती. प्रॅक्टिकलच्या कागदावर मी आता "रेझिस्टन्स लिहा" असं कुठेही ठेवलेलं नाही, "शिखर कुठे आहे ते लिहा" असं ठेवलं आहे.

अमोनिया आपोआप सुटायला दोन दिवसांहून जास्त लागले. पुन्हा भाजल्यावर शिखर ३४ ला परत.

२५ मे

नवतपा (मे अखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस) सुरू. लॅबमध्ये सकाळी सहा ते नऊच काम.

जर्मेनियमच्या हॉल इफेक्टच्या (चुंबकीय क्षेत्रात करंटच्या आडव्या दिशेला व्होल्टेज येतं, त्याच्या चिन्हावरून कॅरिअर होल की इलेक्ट्रॉन ते कळतं) प्रॅक्टिकलसाठी आमच्याकडे जुना इलेक्ट्रोमॅग्नेट आहे, ०.३ टेस्ला देतो. बरणी त्याच्या पोलांमध्ये मावत नाही, म्हणून चपट्या प्लास्टिकच्या डबीत जेलच्या पुडीसह चिप ठेवली. समोरासमोरचे जोड हातानं लावलेले, अगदी समोर नाहीत, म्हणून फील्ड नसतानाच २.४ मिलिव्होल्ट दिसतात. फील्ड उलट करून दोन रीडिंगांच्या फरकाचं निम्मं घेतलं की ही चूक निघून जाते. गेट बदललं की हे २.४ ही बदलतात, तेव्हा हे प्रत्येक गेटला करावं लागतं.

शून्य गेटला हॉल व्होल्टेज ०.७ मिलिव्होल्ट, होलच्या चिन्हाचं. गेट वाढवत नेलं. २० व्होल्टच्या पुढे वाढायच्या ऐवजी कमी होऊ लागलं, शिखराच्या आसपास शून्यावर आलं, आणि ६० व्होल्टला १.१ मिलिव्होल्ट, उलट चिन्हाचं. मीटरसमोर मायनसची छोटी रेघ उमटली तेव्हा मुलगी काही बोललीच नाही, नुसतं बोट ठेवलं तिच्यावर. त्याच पट्टीत, काही न मिसळता, फक्त खालचं व्होल्टेज बदलून होलच्या जागी इलेक्ट्रॉन आले होते. जर्मेनियमच्या स्फटिकात खोलीच्या तापमानाला हे करायचं तर दुसरा स्फटिक आणावा लागतो. वीस वर्षं शिकवतेय, हे मीही डोळ्यांनी पहिल्यांदा बघितलं.

४ जून

आयोडीन. अमोनियाच्या उलट परिणाम दाखवायचा होता, शिखर उजवीकडे सरकवायचं. बरणीत आयोडीनचे दोन खडे ठेवले. शिखर सरकायच्या आधी सगळी रीडिंग वेडीवाकडी झाली. आयोडीनच्या वाफेनं सिल्व्हर पेंटवर सिल्व्हर आयोडाइड तयार केलं होतं, ठिपके पिवळट पडले होते. ही चूक बारावीच्या केमिस्ट्रीची, माझ्या लक्षात यायला हवी होती. जोड टूथपिकनं खरवडून त्याच ठिकाणी कार्बन पेस्टनं पुन्हा लावले. सहापैकी पाच जमले. एका बाजूच्या जोडाखालचं ग्राफीन निघून आलं, त्यामुळे समोरासमोरची एक जोडी गेली, हॉलसाठी आता नवी चिप वापरायची. आयोडीन हवाच असेल तर जोड चांदीचे नकोत. आम्ही तो भाग सोडला.

१९ जून

पाऊस लागला. उघड्या हवेत आर्द्रता ८१ टक्के, शिखर ५३ व्होल्टला. बरणीत ३७. कूलर बंद झाला.

१२ जुलै

एकूण खर्च ३१,८०० रुपये, त्यातल्या दोन चिपा वाया. एका विद्यार्थ्याला बरणी, चिप ३ आणि वायरी देऊन पूर्ण प्रॅक्टिकल करायला लावलं. दोन्ही फेऱ्या, कूलरऐवजी ओल्या कापसाची एक फेरी, आलेख, कॅरिअरची संख्या: तीन तास दहा मिनिटं. प्रॅक्टिकलचा वेळ चार तासांचा आहे, बसतं.

चिप ४ डबीत बंद आहे, हॉलसाठी ती ऑगस्टमध्ये काढायची. बरणीतली जेल काल गुलाबी झालेली दिसली. काकांनी हॉटप्लेटवर परतून पुन्हा निळी केली आणि झाकणावर तारखेची चिठ्ठी लावून ठेवली.